बाबांचा आवाज

मंत्रीसाहेबांना हात हलवणारी माणसं फार आवडायची. दर सोमवारी त्यांची गाडी कार्यालयाच्या फाटकातून आत वळायची, तेव्हा रस्त्याच्या कडेला बरीच माणसं उभी असायची. बाया, बाप्ये, कडेवरची पोरं, आणि सगळी हात वर करून जोरजोरात हलवायची. साहेब काच खाली करायचे, हसायचे, आणि उलट हात हलवायचे. "बघा," शेजारी बसलेल्या पीएला ते म्हणायचे, "बिचाऱ्यांना ऐकू येत नाही, बोलता येत नाही, पण माया बघा केवढी!"

माया कसली डोंबलाची! त्या माणसांच्या खुणांच्या भाषेत पंजे उघडून असे आडवे हात हलवले की त्याचा अर्थ होतो, 'नको, नको, बंद करा.' त्या घोषणा होत्या. चांगल्या बेंबीच्या देठापासून दिलेल्या घोषणा, फक्त त्यांना आवाज नव्हता. हातात फलकही होते, नाही असं नाही. पण फलक वाचायला गाडी थांबावी लागते.

शहरातली कर्णबधिर मुलांची एकुलती एक शाळा येत्या वर्षी बंद होणार होती. तिथल्या मुलांना शेजारच्या मोठ्या शाळेत, ऐकणाऱ्या मुलांच्या वर्गात बसवायचं, असं साहेबांच्या खात्याने ठरवलं होतं. ऐकायला किती छान! सगळी मुलं एकत्र शिकतील, एकत्र खेळतील, कोणी वेगळं पडणार नाही. फक्त त्या वर्गात खुणांनी शिकवणारं कोणीच नसणार होतं. ही बारीकशी गोष्ट कोणाच्या लक्षात आली नव्हती, किंवा आली होती आणि तिच्याकडे कानाडोळा झाला होता. म्हणून ती माणसं दर सोमवारी कामावर खाडा करून फाटकापाशी यायची, खांदे भरून येईपर्यंत ओरडायची, आणि साहेब त्यांना टाटा करून आत जायचे.

आणि आपली चिमणी ह्या सगळ्यात कुठे होती? साहेबांच्या शेजारी.

चिमणी साहेबांची दुभाषी. साहेब भाषणाला उभे राहिले की ही बाजूला उभी राहून त्यांचं बोलणं हातांनी सांगायची. टीव्हीवर खालच्या कोपऱ्यात एक छोटा गोल असतो ना, त्यात जी बाई दिसते ती ही. साहेबांना ती प्रत्येक कार्यक्रमाला हवी असायची, कारण कोपऱ्यात असा गोल असला की भाषण मोठ्या मनाचं दिसतं. आता तिला नाव अर्थातच दुसरं होतं, कागदोपत्री. पण तिच्या घरी माणसाला नाव बोटांनी पडतं. आई-बाबा दोघंही जन्मापासून बहिरे, आणि पोर निघाली ऐकणारी. त्यातून बोलघेवडी. पाळण्यात होती तेव्हापासून तोंड म्हणून बंद नाही. आईला ऐकू कुठे येणार, पण दिसायचं ना! मग तिने अंगठा आणि बोट ओठांपाशी चोचीसारखं उघडमीट करून दाखवलं, आणि तेच नाव चिकटलं. चिमणी. बाबा त्याच शाळेत मुलांना सुतारकाम शिकवायचे, म्हणून ते 'रंधा'. आईला कोणाला हाक मारता येत नाही, ती सरळ चिमटा काढते, म्हणून ती 'चिमटा'. मंत्रीसाहेबांचंही बारसं ह्या लोकांनी करून टाकलं होतं. कॅमेरा दिसला की साहेबांचा हात केसांवर जायचा. तेव्हा केसांवरून हात फिरवला की समजायचं, विषय मंत्र्यांचा चाललाय. 'कंगवा.'

तर ह्या कंगव्याने एकदा भर कार्यक्रमात, टीव्हीवर, गहिवरून सांगितलं, "माझे कर्णबधिर बांधव दर सोमवारी फाटकाशी उभे राहून मला हात हलवतात. असं निर्मळ प्रेम नशिबाने मिळतं!"

शेजारी चिमणीचे हात जरासे अडखळले. पण करते काय? तिने ते वाक्य जसंच्या तसं, निर्मळ प्रेमासकट, सांगून टाकलं. त्या वेळी शहरातल्या किती घरांत माणसं टीव्हीसमोर कपाळाला हात लावून बसली असतील, ह्याचा विचार तिने केला नाही. केला असता तर तिथेच तिला रडू कोसळलं असतं.

कार्यक्रम संपल्यावर ती पीएकडे गेली. "सर, एक सांगायचं होतं. ती माणसं प्रेमाने हात हलवत नाहीत. विरोध करतायत ती. शाळेसाठी."

पीएने मोबाइलमधून डोकं वर काढलं. "विरोध? काय सांगता! मग एवढ्या दिवसांत काही आवाज कसा आला नाही?"

"सर, ती बहिरी माणसं आहेत."

"हां, ते आहेच," पीए म्हणाला आणि पुन्हा मोबाइलमध्ये गेला. "मॅडम, तुम्ही साहेबांचं त्यांना सांगता. त्यांचं साहेबांना सांगायला तुम्हाला ठेवलेलं नाही. कळलं का?"

कळलं. न कळायला काय झालं!

घरी आली तर बाबा दारातच उभे. चपला काढायचीही उसंत नाही, त्यांचे हात सुरू. "तू त्याच्या इतकी जवळ उभी असतेस. हात लांब केलास तर त्याच्या खांद्याला लागेल. सांग ना त्याला. मला फक्त पाच मिनिटं पाहिजेत. मी बोलतो, तू सांग. मग तो नाही म्हणाला तरी चालेल, पण त्याने एकदा आमच्याकडे बघायला पाहिजे."

"बाबा, मला तसं करता येत नाही."

"का येत नाही?"

"तुम्हीच शिकवलंत ना," चिमणी म्हणाली.

आणि ते खरंच होतं. सहा-सात वर्षांची असल्यापासून ही पोर आई-बाबांचं तोंड झालेली. दुकानात, दवाखान्यात, घरमालकापुढे, जिथे जावं तिथे ही मधे. एकदा शाळेत बाईंनी आई-बाबांना बोलावून घेतलं आणि सांगितलं, तुमची मुलगी वर्गात फार बडबड करते, कोणाला शिकू देत नाही. चिमणीने हातांनी सांगितलं, बाई म्हणतात, वर्गात हीच सगळ्यांत हुशार. आई खूश! पण बाबा काही चिमणीच्या हातांकडे बघत नव्हते, ते बाईंच्या कपाळावरच्या आठ्या बघत होते. घरी आल्यावर त्यांनी तिला समोर बसवलं. मारलं नाही, रागावलेही नाहीत. एवढंच म्हणाले, "आपण दुसऱ्याचं तोंड झालो ना, की त्यात आपलं काही घालायचं नाही आणि त्याचं काही गाळायचं नाही. आम्हाला दुसरं तोंड नाही गं. तेच खोटं निघालं तर आम्ही कुणाकडे बघायचं?" तेव्हापासून चिमणीने आयुष्यात एक शब्द इकडचा तिकडे केला नव्हता. ह्या धंद्यात तिचं नाव झालं ते ह्याच गुणावर. मंत्र्यांच्या शेजारी उभं राहून आपल्या मनातलं बोलायचं म्हणजे बाबांनी शिकवलेलं बाबांसाठीच मोडायचं.

"तुम्हीच शिकवलंत," तिने पुन्हा सांगितलं.

बाबांचे हात हवेतच थांबले. मग त्यांनी ते खाली सोडले आणि खोलीत निघून गेले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तिच्याकडे बघणं बंद केलं.

आता ऐकणाऱ्यांच्या घरात बाप बोलेनासा झाला तर निदान खोकतो तरी, भांडी आपटतो, देवाला नावं ठेवतो. बहिऱ्यांच्या घरात बाप बघेनासा झाला की संपलं. त्याच्याशी बोलायची वाटच बंद. चिमणी चहा घेऊन समोर गेली की बाबा कपात बघायचे. ती दिवा लावून-विझवून त्यांना हाक मारायची, तर ते खिडकीबाहेर बघायचे. आई मधे पडली, दोघांनाही चिमटे काढून काढून दमली. "बाप तसा, लेक तशी," शेवटी ती वैतागून म्हणाली. "माझा जीव घ्या दोघं मिळून!" चिमणी मात्र आतून पार खचली होती. ज्या माणसाचे हात बघत बघत ती बोलायला शिकली, त्याने आपल्याला नजरेतून उतरवलं, असंच तिला वाटत होतं. रोज कामाला निघताना ती दारात जरा जास्त रेंगाळायची. पण बाबा वर बघायचे नाहीत.

असे दिवस चालले असताना साहेबांनी जनतेशी थेट संवादाचा एक मोठा कार्यक्रम जाहीर केला. नावाला संवाद, बोलणार एकटे साहेब. मोठं सभागृह, टीव्हीवर थेट प्रक्षेपण, आणि पहिल्या दोन रांगा खास कर्णबधिर बांधवांसाठी राखून ठेवलेल्या, कारण साहेबांच्या मते ते कॅमेऱ्यात छान दिसलं असतं. बांधव आले. सगळेच्या सगळे, धुतलेले कपडे घालून, वेळेच्या आधी. पहिल्या रांगेत मधोमध आई, तिच्या शेजारी बाबा. चिमणी मंचावर आपल्या जागी उभी राहिली तेव्हा आई तिला बघून हसली. बाबा आपल्या बुटांकडे बघत होते.

साहेबांनी केसांवरून हात फिरवला आणि सुरुवात केली. रस्ते झाले, पूल झाले, दवाखाने झाले. चिमणीचे हात सफाईने चालले होते. मग साहेब म्हणाले, "आणि शिक्षणाबद्दल सांगायचं तर, आमच्या निर्णयाचं समाजाच्या सर्व थरांतून स्वागत झालेलं आहे. विशेषतः हे पुढे बसलेले माझे बांधव..."

एवढं चिमणीच्या हातांतून निघालं, आणि आईने डोळे मिटून घेतले.

हे हत्यार चिमणीच्या चांगल्या ओळखीचं होतं. आई-बाबांचं भांडण रंगात आलं की आई हात बांधून घट्ट डोळे मिटून बसायची. बाबांनी मग कितीही हातवारे करावेत, आदळआपट करावी, काही उपयोग नाही. तुझं एक अक्षर मी ऐकणार नाही, असं सांगायची ह्याहून पक्की रीत त्या घरात नव्हती. पण ती घरातली गोष्ट होती. आणि इथे आता आईच्या शेजारी बाबांनी डोळे मिटले. मग पलीकडच्या शिंपिणीने, मग तिच्या नवऱ्याने, मग मागच्या रांगेतल्या सगळ्यांनी. बघता बघता दोन्ही रांगा हात बांधून, मान ताठ ठेवून, डोळे मिटून बसल्या. कोणी कोणाला खूण केली नव्हती. आधी ठरवूनच आले असणार, लबाड! चिमणीला त्यांनी पत्ता लागू दिला नव्हता.

साहेब बोलतच होते. त्यांना माणसं समोर बसलेली दिसत होती, तेवढं पुरे होतं. चिमणीने आणखी दोन-तीन वाक्यं सांगून बघितली. पण ज्यांच्याकडे एकही डोळा वळलेला नाही असे हात हलवायचे म्हणजे काय, हे तिला त्या दिवशी कळलं. तिने हात खाली सोडले आणि गप्प उभी राहिली.

कॅमेऱ्यावाला गोंधळला. कोपऱ्यातल्या गोलात बाई नुसती उभी! मंचाच्या कडेने पीए तिला खुणा करायला लागला, आणि त्याच्या खुणा काय असायच्या, नुसतं जात्यावर दळण दळल्यासारखे हात फिरवत होता. अखेर साहेबांच्याच लक्षात आलं.

"काय झालं, मॅडम? थांबलात का?"

"साहेब, कोणी ऐकत नाहीये," चिमणी म्हणाली. माईक जवळच होता. सभागृहभर ऐकू गेलं.

साहेबांनी वाकून पुढच्या रांगांकडे बघितलं. कदाचित पहिल्यांदाच. "झोपले की काय सगळे?" ते हसून म्हणाले आणि मागे थोडी खसखस पिकली.

"झोपले नाहीत साहेब. त्यांनी कान बंद केलेत. त्यांना तुमच्याशी बोलायचंय, आणि तुम्ही त्यांचं ऐकत नाही, म्हणून तेही तुमचं ऐकणार नाहीत."

हे मात्र सगळं तिचं स्वतःचं होतं. एकही शब्द कोणाचा नव्हता.

थेट प्रक्षेपण चालू होतं, आणि साहेब काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी पुन्हा केसांवरून हात फिरवला, दोन्ही बाहू पसरले. "अहो, मग येऊ दे ना! संवादासाठीच तर आपण जमलोय. या, या. दोन मिनिटांत काय ते सांगा."

आता मिटल्या डोळ्यांना हे कसं कळणार? चिमणी मंचावरून खाली उतरली, आईपुढे उकिडवी बसली आणि तिने आईला एक चिमटा काढला. आईने एक डोळा उघडला. "बाबांना उठव," चिमणी म्हणाली. "कंगवा ऐकतोय."

बाबा वर आले. इस्त्रीचा सदरा, मिशा नीट कातरलेल्या, हातांच्या बोटांना कायमचा लाकडाचा रंग. साहेबांच्या समोर उभे राहिले. चिमणी त्यांच्या बाजूला माईक घेऊन.

दुभाष्याच्या कामात 'हे असं म्हणतायत, ते तसं म्हणतायत' असलं काही नसतं. बोलणारा 'मी' म्हणाला की दुभाष्यानेही 'मी'च म्हणायचं. त्यामुळे त्या दिवशी टीव्हीवर लोकांनी बघितलं ते असं, की एक मिशीवाला साठीचा माणूस हात हलवतोय आणि एका बाईचा आवाज म्हणतोय:

"मी सुतार आहे. मी मुलांना सुतारकाम शिकवतो. साहेब, सोमवारी आम्ही तुम्हाला प्रेमाने हात हलवत नाही. त्याचा अर्थ 'बंद करा' असा आहे. तुम्ही उलट हात हलवता तेव्हा आमची मुलं विचारतात, हा माणूस पण 'बंद करा' म्हणतोय, मग बंद का करत नाही?"

सभागृहात मोठा हशा पिकला. साहेबही हसले, पण थोडे उशिरा.

"मला लहानपणी ऐकणाऱ्यांच्या शाळेत घातलं होतं," चिमणीचा आवाज म्हणाला. "मी शेवटच्या बाकावर बसायचो. सगळे उठले की उठायचो, सगळे बसले की बसायचो. गुरुजी म्हणायचे, किती शहाणा मुलगा. मला वाटायचं, शाळा म्हणजे उठणं-बसणंच असतं. नऊ वर्षांचा झाल्यावर मला ह्या शाळेत आणलं. तिथल्या बाईंनी माझा हात धरून नळाखाली नेला आणि एक खूण केली. मग झाडाला नेऊन लावला आणि दुसरी खूण केली. मग माझ्या छातीवर ठेवला आणि तिसरी केली. तोपर्यंत मला माहीतच नव्हतं की वस्तूंना नावं असतात. माणसांना असतात. मलाही एक असू शकतं. त्या दिवशी मी त्या बाईंना झोपेपर्यंत सोडलं नाही. हे काय, ते काय, आई म्हणजे काय. साहेब, ती मुलं तुम्ही पुन्हा शेवटच्या बाकावर बसवायला निघालायत. ती फार शहाण्यासारखी बसतील. तुमच्याकडे एक तक्रार येणार नाही."

आता कोणी हसत नव्हतं. मागे कोणीतरी नाक ओढलं.

"गेली दोन वर्षं तुमचं प्रत्येक वाक्य आम्ही माझ्या मुलीच्या हातांवरून वाचलं. एकही सोडलं नाही. आज मी तिचा आवाज मागून घेतलाय. हा आवाज मी कधी ऐकलेला नाही. गोड आहे असं लोक म्हणतात." हे आपल्याच तोंडाने सांगायचं चिमणीला अवघड वाटलं, पण बाबांचे हात थांबले नव्हते, मग तिला कसं थांबता येणार? "तो तुमच्यापर्यंत पोहोचत असेल तर शाळा बंद करू नका. माझं एवढंच म्हणणं आहे."

बाबांनी हात खाली घेतले. साहेब काहीतरी बोलायला घसा साफ करतच होते, तेवढ्यात बाबा तिच्याकडे वळले. कित्येक दिवसांनी त्यांनी तिच्या डोळ्यांत बघितलं. आणि लहानसे, छातीजवळ, घरातल्या माणसाशी बोलावं तसे हात हलवायला लागले.

"हे माईकवर सांगू नकोस," चिमणी माईकवर म्हणाली.

सवयच ती! समोरच्या हातांतून जे निघालं ते तोंडातून जाणारच. सगळं सभागृह ऐकत होतं. बाबांना त्याचा काय पत्ता? ते आपले तिच्याशी एकटीशी बोलत होते.

"हे फक्त तुला सांगतोय. मी तुझ्यावर रागावलो नव्हतो, बाळा," चिमणीचा आवाज सांगत होता. "तुझ्याकडे बघितलं असतं ना, तर तू नोकरी सोडून दिली असतीस. मला माहीत आहे तुझं मन. माझं तोंड बघवलं नसतं तुला. म्हणून मी खाली बघत बसलो. पण तू टीव्हीवर आलीस की मी खुर्ची ओढून अगदी काचेला नाक लावून बसतो. तुझी आई ओरडते, डोळे जातील म्हणून. तो माणूस काय बोलतो त्याच्याशी मला काही देणंघेणं नसतं. मी तुझे हात बघतो. असे हात अख्ख्या शहरात कोणाचे नाहीत. ते मी शिकवलेत."

इथपर्यंत आल्यावर तिला उमगलं की आपण हे सगळं मोठ्याने बोलतोय. थांबावं असं तिला वाटलंही. पण बाबा बोलत असताना आपण तोंड मिटायचं म्हणजे त्यांच्या तोंडावर हात ठेवायचा. ते तिच्याने झालं नसतं. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ती बोलत होती.

"आता तुझी नोकरी राहते की जाते देव जाणे. गेली तर मला माफ कर. चल, डोळे पूस. हा बघतोय."

तिने बाहीने डोळे पुसले. मागे एक आजोबा उभे राहिले, मग एक बाई, मग बरेच जण. बाबांना आवाज आला नाही, पण फळ्यांतून टाळ्या पायांना जाणवल्या तशी त्यांनी दचकून मागे बघितलं. "काय झालं ह्यांना?" त्यांनी विचारलं. "काय झालं ह्यांना?" चिमणी माईकवर म्हणाली, आणि मग रडता रडता हसायलाच लागली.

साहेबांनी टाळ्या ओसरू दिल्या. "आपल्या भावना माझ्यापर्यंत पोहोचल्या," ते म्हणाले. "योग्य त्या स्तरावर योग्य तो विचार होईल. धन्यवाद."

चिमणीने हेही बाबांना जसंच्या तसं सांगितलं. काही घातलं नाही, काही गाळलं नाही.

"म्हणजे शाळा राहणार?" बाबांनी विचारलं.

"तसं नाही म्हणाले."

साहेब बाजूच्या दाराने निघाले, तेव्हा पुढच्या दोन रांगांनी हात वर करून हलवले. साहेबांनी ह्या वेळी उलट हात हलवला नाही. खाली बघत गेले. पीए मागे रेंगाळला आणि चिमणीला म्हणाला, "मॅडम, उद्यापासून यायची तसदी घेऊ नका." ती "बरं" म्हणाली. दुसरं काय म्हणणार? जिन्यावर ते मघाचे आजोबा तिला गाठून विचारत होते की सोमवारी फाटकाशी कधी जमायचं, आणि आम्हाला खुणा येत नाहीत पण आलो तर चालेल का. तिने चालेल म्हणून सांगितलं.

घरी येईपर्यंत दिवेलागण झाली होती. आईने कांदा चिरायला घेतला. बाबा स्वयंपाकघरात तिच्या समोर येऊन बसले, आणि बघत राहिले. चिमणीने त्यांना सगळं सांगितलं, अगदी माईकवर काय काय गेलं तेही. बाबांनी कपाळावर हात मारून घेतला. आईच्या तर हातातली सुरी गळून पडली, इतकी ती हसली.

"आणि नोकरी?"

"गेली."

"माझ्यामुळे."

"तुमच्यामुळेच तर!" चिमणी म्हणाली. "मग आणखी कोणामुळे?"

बाबांना आणखी काहीतरी विचारायचं होतं, पण हात उचलत नव्हते. आईने त्यांना एक चिमटा काढला.

"माझा आवाज कसा होता?" बाबांनी विचारलं.

असं चिमणीला कोणी कधी विचारलं नव्हतं. "बारीक होता," तिने सांगितलं. "आणि कापत होता."

"कापत होता?" बाबांच्या कपाळाला आठी पडली. "का? मी घाबरलो नव्हतो."

"मी घाबरले होते."

बाबांनी तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. बराच वेळ तसेच धरून ठेवले, त्यामुळे दोघांनाही काही बोलता येईना. मग त्यांनी ते सोडले आणि ताठ बसून तिला सांगितलं, "सोमवारपर्यंत नीट जेव, झोप. फाटकाशी जोरात बोलायचंय. माझा आवाज आहे तो. असा कापला तर कंगव्याला वाटेल, मी घाबरलो."